फुई-फुवांचा लग्नाचा फोटो

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. माझी आई अंगठा लावते आणि माझे बाबा सहीच्या नावाखाली एक वळवळीत रेघ ओढतात, ती दर वेळी वेगळी असते. मराठीच्या बाईंनी ‘कापणीचे दिवस’ हा विषय दिला आणि म्हणाल्या, ललित लिहा, गोष्ट नको, मनात जे येईल ते हळुवारपणे येऊ द्या. मी तीनदा सुरुवात केली. तीनदा भाताच्या वासापर्यंत आलो आणि पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला. बाई असंही म्हणाल्या होत्या की रागात लिहिलेलं कच्चं राहतं, थोडं थांबावं. मी दोन वर्षं थांबलो. अजून किती थांबायचं असतं, ते मला माहीत नाही. म्हणून हे जे आहे ते असंच द्यावं लागतंय. चुकलं असेल तिथे खूण करा.

परवा डहाणूहून गंजाडकडे येणाऱ्या गाडीत मागच्या बाजूला लटकून येत होतो. पूल ओलांडला आणि तो वास आला. कापलेल्या भाताचा वास ओलसर, थोडा कडवट असतो. त्यात खालच्या चिखलाचा आणि उन्हाने तापलेल्या पेंढ्याचा वास मिसळलेला असतो. गाडीत बसलेल्या सगळ्यांना तो आला असणार, पण कुणी बोललं नाही. आमच्याकडे त्याबद्दल कुणी बोलत नाही. पुस्तकात शेतं सोनेरी असतात. मी लहानपणापासून कापणी करतोय, मला ती सोनेरी दिसायला वेळ मिळालेला नाही. भाताच्या पातीला करवतीसारखे दात असतात. संध्याकाळपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल रेघा उठतात आणि आंघोळीचं पाणी पडलं की त्या सगळ्या एकदम जाग्या होतात. सकाळी दवाने पाय गारठतात, दुपारी त्याच शेतात पाठ भाजते. विळा बोटाला कधी लागला ते कळत नाही, मुठीतली पेंडी लाल झाली की कळतं. आणि तरीसुद्धा हे दिवस मला आवडतात. का ते नीट सांगता येत नाही. कदाचित सगळी माणसं एकाच वेळी, एकाच बाजूला वाकलेली असतात म्हणून असेल.

ह्या वर्षी वाकलेल्यांत एक माणूस नाही. गेल्या वर्षीही नव्हता.

आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. माझी फुई गंजाडच्या आत एका पाड्यावर राहते. घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि शेत बांधाला बांध लागून. फुवा म्हणजे पाड्यावरचा सगळ्यात बडबड्या माणूस. कापणीला ते ओळीत मध्ये राहायचे, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू जाईल. फुईचा हात त्यांच्यापेक्षा जलद. ती पुढे निघून गेली की ते मागून ओरडायचे, “अगं थांब, नवऱ्याला टाकून कुठं चालली?” आणि ती मागे न बघता म्हणायची, “नवरा होऊन तुला सहा महिने झाले नाय, आत्ताच हाका मारतोस?”

हा विनोद कळायला एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या भागात पुष्कळ जोडप्यांचं लग्न राहून जातं. माणसं एकत्र राहू लागतात, घर उभं करतात, मुलं होतात, आणि लग्न मात्र जमेल तेव्हा लागतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण मुलाचं लग्न लावायचं तर आधी आईबापाचं लागलेलं हवं. फुई-फुवांचा मुलगा संदीप, त्याचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांची धावपळ झाली. एकच मांडव. सकाळी आईबापाला हळद लागली, दुपारी मुलाला. फुवांचे निम्मे केस पांढरे, आणि त्यावर बाशिंग. फुई पिवळ्या साडीत इतकी लाजत होती की होणारी सूनच तिला धरून चालवत होती.

फोटोवाला तलासरीहून ठरवला होता, तो संदीपच्या लग्नाला म्हणून दुपारी आला. तोवर ह्यांचं उरकलं होतं आणि जेवणावळ सुरू झाली होती. यजमान कोण? फुवाच. त्यांनी बाशिंग न काढताच डाळीची बादली उचलली. बायका पंगतीतून ओरडत होत्या, “ए नवऱ्या, इकडं डाळ वाढ!” कुणी विचारलं, “नवरी कुठाय?” फुवा म्हणाले, “भात बघतेय. आजच्या दिवशी करपला तर सासूचं नाव जाईल.” संदीपच्या अल्बममध्ये फुवा दोनदा आहेत. एकदा पाठमोरे, एकदा बादलीसकट, अर्धे कापलेले. फुई एकदाही नाही.

तेव्हा फुईने फक्त एवढंच म्हटलं, “जोडीचा एक तरी काढायला पायजे होता.” पिवळी साडी आणि फुवांचा पांढरा सदरा तिने पेटीत तळाशी घालून ठेवला.

त्याच वर्षीच्या कापणीत फोटोवाले आले. मी नुकता कॉलेजात गेलो होतो. आमच्या एका सरांनी मला बोलावलं. मुंबईहून काही छायाचित्रकार येतायत, ग्रामीण भारत बघत फिरतायत, त्यांना गावात ने, त्यांचं बोलणं लोकांना सांग, लोकांचं त्यांना सांग. “रुपेश, तू तिकडचाच आहेस.” वर्गासमोर म्हणाले. मला इतका अभिमान वाटला की मी रात्रीच शर्टाला इस्त्री करून ठेवली. आता त्या इस्त्रीचा राग येतो.

ते सहा जण होते. हायवेवरून आत वळण्याआधी विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेऊन आले होते, कपाळाला कुंकू होतं. त्यांच्या म्होरक्याच्या डोक्यावर मोठ्या काठाची टोपी होती. ते गाडीतून उतरत होते तेव्हाच फुईने त्यांचं नाव टोपीवाला ठेवलं आणि ते आजतागायत तेच आहे. खरं नाव मी इथे लिहिणार नाही. मी त्यांना साहेब म्हणत होतो, तर साहेबच लिहितो.

साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलायचे आणि मध्येमध्ये हिंदीत. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण कळत होतं, आणि कळतंय ह्याचीच मला चढली होती. पाड्यावर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं की अस्सल लोक कुठे भेटतील. मी मागे वळून बघितलं. मागे फुवा उभे होते, संदीप मोटारसायकल पुसत होता, शेजारची म्हातारी कोंबड्या हाकत होती. मला वाटलं, ह्यांना हे लोक दिसत नाहीत का?

मग सामान हलवणं सुरू झालं. पाण्याचं निळं पिंप फोटोत येतंय, बाजूला घ्या. मोटारसायकल मागच्या अंगणात न्या. पेंड्यांच्या उडवीवर टाकलेलं प्लास्टिक काढा. डोंगर चांगला आहे पण टॉवर मध्ये येतो, तेव्हा तुम्ही इकडे सरका, अजून सरका. छपरावरची डिशची छत्री काढता येईना, म्हणून त्यावर फुईचं गोधडं वाळत घातलं. हे सगळं मीच लोकांना सांगत होतो. माझ्याच तोंडून. अर्ध्या तासात आमचं अंगण मला ओळखू येईना. संदीपने दोन पावसाळे जंगल खात्याच्या रोपवाटिकेत राबून ती मोटारसायकल घेतली होती, आणि मी त्याला म्हणत होतो, ही लपव.

खळ्यात आम्ही चपला घालून जात नाही. शेणाने सारवलेलं असतं म्हणून नव्हे. तिथे धान्य उतरतं, तिथे कणसरी येते. कणसरी आमची धान्याची देवी. ती काही मोठ्या देवळात बसत नाही, खळ्यातच असते. साहेब बूट घालून सरळ खळ्याच्या मधोमध गेले, तिथून उजेड चांगला होता. फुईने त्यांच्या बुटांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी डोंगराकडे बघितलं. त्यांच्यातल्या एका मुलीने मात्र फुईचे अनवाणी पाय पाहिले आणि कुणी न सांगता सँडल काठावर काढून ठेवले. तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे बघितलं तर दिसतं. हे मी स्वतःला दोन वर्षं सांगतोय.

आणि आणखी एक. फुवांना हिंदी येत होतं. गुजराती तर माझ्याहून चांगलं, कारण दर वर्षी कापणी उरकली की ते गुजरातेत मोठ्या बोटींवर खलाशी म्हणून जायचे. आमच्या तालुक्यातले, तलासरीचे, कितीतरी लोक जातात. फुवांनी साहेबांना हिंदीत विचारलं, “साब, चाय लोगे?” साहेबांनी माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, “काय म्हणतोय हा?” दिवसभर असंच. समोर माणूस उभा असताना ते माझ्याशी बोलायचे.

फोटो काढायचे म्हटल्यावर फुई-फुवा आत गेले. बाहेर आले तेव्हा फुईच्या अंगावर पिवळी साडी, केसांना तेल, नाकात नथनी. फुवांनी पांढरा सदरा घातलेला, घड्या तशाच. पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास अंगणभर पसरला. फोटो म्हटलं की माणूस चांगलं नेसून येणार, दुसरं काय करणार?

साहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, सांग ह्यांना, रोजचे कपडे घाला. कामाचे. फाटके असले तर उत्तम.

मी सांगायच्या आधीच फुवांना समजलं होतं. “का रं? टोपीवाला सोताच्या लग्नाच्या फोटोत बनियनवर बसलाय काय?”

फुईने पदर तोंडावर घेऊन हसू दाबलं.

“फुवा, ते मोठे फोटोग्राफर आहेत,” मी म्हटलं. “त्यांना नैसर्गिक लागतं.”

“मी काय प्लास्टिकचा हाय?” फुवा म्हणाले. मग त्यांनी सौदा केला. “त्याला सांग, आधी आमचा जोडीचा काढ. लग्नाचा. मग तुझ्यासाठी बनियन काय, लंगोटी नेसून बसतो.”

मी हे इंग्रजीत सांगितलं, लंगोटी वगळून. साहेब हसले, बरं म्हणाले. दोघं दारासमोर उभी राहिली. हात सरळ खाली, हनुवटी वर, शाळेत राष्ट्रगीताला उभी राहतात तशी. फुईने शेवटच्या क्षणी फुवांची कॉलर नीट केली. फुवा हलत्या ओठांनी म्हणाले, “आता हात लावू नको, फोटोत येईल.” कॅमेऱ्याचा आवाज एकदाच झाला. साहेबांनी मागच्या पडद्यावर बघितलं आणि बाकीच्यांना काहीतरी सांगितलं. त्यातला ‘पासपोर्ट’ हा शब्द मला कळला. सगळे हसले. फुई पण हसली, तिला वाटलं फोटो छान आला.

“कवा देणार इचार,” फुई म्हणाली.

मी विचारलं. साहेब कॅमेऱ्याला दुसरी काच लावत होते. न बघता इंग्रजीत म्हणाले, बघू या, जमलं तर.

मी फुईला सांगितलं, “पाठवतील. मोठा करून पाठवतील.” तिचा चेहरा बघितला आणि पुढे म्हणालो, “फ्रेम करून.”

फ्रेम मी माझ्या मनाने घातली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याही खिशात फोन होता. त्याची काच एका कोपऱ्यात तडकली होती, पण फोटो निघत होता. मी तिथल्या तिथे तो काढून दोघांचा फोटो घेऊ शकलो असतो. त्या मोठ्या कॅमेऱ्यांसमोर माझा फोन काढायची मला लाज वाटली. साहेबांवर मी जितका रागावतो त्यातला किती राग खरा माझ्यावर आहे, ह्याचा हिशोब मला अजून लागत नाही.

दुपारी फुईने सगळ्यांना जेवायला घातलं. जुन्या तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, कांदा. एकाने विचारलं, समोर एवढी नव्या भाताची रास असताना जुना तांदूळ का? मी सांगितलं की कणसरीला दाखवल्याशिवाय आम्ही नवं खात नाही. साहेबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चटणीने डोळ्यांतून पाणी काढलं आणि तरी पुन्हा मागितली. अशी चव शहरात नाही, म्हणाले. मला तेव्हा ते आवडले होते. हे लिहायला हवं. मग ते पेरूच्या सावलीत खाटेवर बसले आणि बराच वेळ कॅमेऱ्याची बटणं दाबत राहिले.

“काय करतोय तो?” फुईने विचारलं.

“तुमचेच फोटो बघतायत,” मी म्हटलं.

तिने आत जाऊन फुवांना सांगितलं. मला दारातून ऐकू आलं. “आपलाच बघत बसलाय.”

फुवा तोवर बनियनवर आले होते. शब्द दिला होता ना. साहेबांची उष्टी थाळी त्यांनी उचलली, पिंपापाशी नेऊन धुतली आणि ठेवायला निघाले. साहेब एकदम उठले. थांब, थांब म्हणाले, तसंच, ती थाळी धरून राशीजवळ बसव त्याला. फुवा राशीजवळ उकिडवे बसले. ऊन तोंडावर येत होतं म्हणून त्यांनी डोळे बारीक केले. कपाळावर आठ्या पडल्या. “रिकामी थाळी काय दाखवतोस,” ते मला म्हणाले, “दोन भाकरी तरी ठेव. लोक म्हणतील घरात काय नाय.” मी हे साहेबांना सांगितलं नाही. ह्या वेळी कॅमेऱ्याचा आवाज थांबेचना.

संध्याकाळी गाडी गेली. फुवांनी दुसऱ्या दिवशी दाराच्या समोरच्या भिंतीत एक मोठा खिळा ठोकला, फ्रेम जड असेल म्हणून. पंधरा दिवसांनी ते बोटीवर गेले. मी त्यांना डहाणूला गाडीत बसवायला गेलो होतो. खिडकीतून म्हणाले, “फोटो आला की तुझ्या फोनमधनं मला पाठव. बोटीवरच्यांना दाखवतो. साले मानत नाय माझं लग्न झालंय म्हणून.”

थंडी संपता संपता त्यांची बोट पकडली गेली. समुद्रात कुठेतरी एक रेघ आहे म्हणतात. मासे ती ओलांडतात, जाळं माशांमागे जातं, बोट जाळ्यामागे. बोटीवरचे सगळे सरहद्दीपलीकडच्या तुरुंगात आहेत. आमच्या भागात हे नवीन नाही. गावागावात असं एखादं घर आहे. कुणी वर्षाने येतं, कुणी चार वर्षांनी. कधी येणार हे कुणाला विचारायचं, तेच कळत नाही. फुई संदीपबरोबर ऑफिसांत जाऊन आली. तिथे साहेब लोक सांगतात, यादीत नाव आहे, वर कळवलंय. गेल्या वर्षी तिने कणसरीला नवं दाखवलं, सगळ्यांना वाढलं, आणि स्वतः वर्षभर जुनाच तांदूळ खाल्ला. त्याने अजून नवं खाल्लेलं नाही, म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजच्या सूचनाफलकाजवळ गर्दी होती. सरांनी मला लांबूनच हाक मारली. “रुपेश, ये, ये. तुमच्या भागाचं नाव झालं!” फलकावर एका प्रदर्शनाचं रंगीत पत्रक लावलेलं होतं. पहिलं बक्षीस. फोटोत फुवा राशीजवळ उकिडवे बसलेले. बनियनला भोक, कपाळावर आठ्या, डोळे बारीक, हातात रिकामी थाळी. मागे डोंगर, टॉवर नाही. खाली मोठ्या अक्षरांत शब्द होता, ‘भूक’.

ती थाळी साहेबांची होती. त्या थाळीत तीन भाकऱ्या होत्या आणि त्या कुठे गेल्या हे त्या कॅमेऱ्यामागच्या माणसाला सगळ्यांत चांगलं माहीत होतं. मला हे फलकासमोर ओरडून सांगायचं होतं. मी म्हणालो, “थँक यू, सर.”

कुणाला वाटेल, एका शब्दाने काय बिघडतं. उपास, दुष्काळ, उन्हाळ्यात घरात धान्य संपणं, हे आम्हाला माहीत नाही असं नाही. भूक असती तर मी लपवली नसती. पण त्या दिवशी आमच्याकडे भूक नव्हती. त्या दिवशी एक माणूस नव्या लग्नाच्या आनंदात होता, त्याच्या खळ्यात रास होती आणि तो पाहुण्यांची भांडी घासत होता. हे सगळं समोर होतं. त्यांनी ते एकेक करून बाजूला करायला लावलं, पिंप बाजूला केलं तसं, आणि मग जे उरलं त्याला नाव दिलं. फुवांचं नाव तर कुठेच नव्हतं. खाली कोपऱ्यात नाव होतं ते साहेबांचं.

मी साहेबांना तोवर कितीतरी मेसेज केले होते. नमस्कार सर, मी रुपेश, गंजाड. सर, तो जोडीचा फोटो. सर, आठवण. निळ्या खुणा व्हायच्या, म्हणजे वाचलं. उत्तर नाही. फलक बघितल्यावर मी रागाने खूप लांब मेसेज लिहिला आणि पुसून टाकला. रागावले तर फोटो देणार नाहीत, ही भीती. माझा राग असाच आहे, तो दर वेळी ‘नमस्कार सर’ने सुरू होतो.

ह्या वर्षी भाताला लोंब्या धरल्या त्या सुमाराला फुवांचं पत्र आलं. फुवांना लिहिता येत नाही. गुजरातेतल्या कुणा खलाशाने लिहिलेलं होतं, गुजराती अक्षरांत. दुकानांच्या पाट्यांवरून मी लहानपणी तेवढं गुजराती शिकलो होतो. फुई उंबऱ्यावर बसली, संदीप आणि त्याची बायको मागे उभी, आणि मी वाचून सांगितलं. आमच्या बोलीत ते साधारण असं होतं:

“मी बरा हाय. खोकला हाय पण बरा हाय. संदीपला सांगा खालच्या शेताचा बांध नीट घाल, पाणी शेजाऱ्याकडं जातं. कणसरीला दाखवून नवं खा सगळ्यांनी, माझ्यासाठी थांबू नका. संदीपच्या आईला सांगा, मुद्दाम तिला सांगा. रुप्याला इचारा फोटो आला का. आला असेल तर एक इकडं टाका, पत्रातनं देतात. इथं सगळ्यांकडं घरच्यांचे फोटो हायत, भिताडाला लावतात. मी सांगतो माझं लग्न आत्ता झालंय तर हसतात. म्हणतात म्हातारा येडा झाला. फोटो पाठवा म्हणजे गप बसतील.”

फुई हसली. खूप हसली. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “आधारकार्डावरचा पाठवू का? नको. त्यात तो पोलिसानं पकडल्यासारखा दिसतो.” आणि आपण काय बोललो ते कळल्यावर तिने माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी घातली.

मग तिने भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं. त्यावर आता रेशनची पिशवी टांगलेली असते. “दोन काढून दे म्हणावं,” ती म्हणाली. “एक त्याला, एक इथं. फ्रेम नसली तरी चालंल.”

फ्रेमची गोष्ट अजून तिच्या लक्षात होती.

त्या संध्याकाळी मी साहेबांना सगळं लिहिलं. इंग्रजीत, शब्दकोश घेऊन. फुवा कुठे आहेत ते लिहिलं, पत्रात काय आहे ते लिहिलं, आणि तो एक फोटो त्यांच्यासाठी काय आहे ते लिहिलं. ‘भूक’बद्दल एक अक्षर लिहिलं नाही. फक्त तो एक पाठवा, कसाही असला तरी. निळ्या खुणा झाल्या. मग रोज सकाळी फुई कुंपणापलीकडून विचारायची, “टोपीवाल्याचं काय?” आणि मी म्हणायचो, “येईल.” लोंब्या भरल्या, पिकल्या, कापणी सुरू झाली. “येईल.” माझ्या तोंडात हा शब्द इतका गुळगुळीत झाला की तो खोटा आहे हेही मला जाणवेनासं झालं.

परवा गाडीतून उतरून सरळ फुईच्या खळ्याकडे गेलो. झोडणी चालू होती. संदीप पेंड्या आपटत होता, दाणे उडून अंगाला लागत होते, हवेत कोंडा होता आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. फुई सुपाने वारवत होती. मी काठावर चपला काढत होतो तेव्हा खिशातला फोन वाजला. साहेबांचा मेसेज. मी तिथेच, एक चप्पल पायात असताना वाचला.

फुईने सूप खाली ठेवलं. “टोपीवाल्याचं?”

मी मान हलवली.

“काय म्हणतोय?”

त्या माणसाचं एकही वाक्य मी आजवर फुईला जसंच्या तसं सांगितलेलं नव्हतं. दर वेळी काही गाळलं होतं, काही घातलं होतं, एकदा तर अख्खी फ्रेम. ह्या वेळी मी चप्पल काढली, खळ्यात तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि एकेक वाक्य वाचून त्याचं मराठी करून सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

उत्तराला उशीर झाला, प्रवासात होतो. तुमच्या नातेवाइकाबद्दल ऐकून वाईट वाटलं. त्यांचा ‘भूक’ माझ्याकडे आहे, तो पाठवू शकतो, कुठे लावलात तर खाली माझं नाव असू द्या. जोडीचा नाही. तसे उभे करून काढलेले फोटो मी ठेवत नाही. तो मी तिथेच काढून टाकला होता, त्याच दुपारी, तुमच्याकडे जेवण झाल्यावर खाटेवर बसून. पुढच्या फोटोंना जागा हवी होती.